मानद सभासदांची वही आणि कामणचा डोंगर

१८४८ साली मुंबई सरकारने पश्चिम भारतातल्या लेण्यांची नोंद करण्यासाठी एक मंडळ नेमले. जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत लेण्यांवर निबंध वाचला होता आणि लेण्यांची पडझड थांबवा असा तगादा तिथून लागला होता. मंडळाचे अध्यक्ष डॉ. जॉन विल्सन पेशाने मिशनरी, चिटणीस डॉ. कार्टर शल्यवैद्य. पुरातत्त्व हा यांच्यापैकी कोणाचाच पोटापाण्याचा धंदा नव्हता. या मंडळाने मोठे उत्खनन केले नाही. त्याने यादी केली. विल्सन यांनी माहीत असलेल्या लेण्यांचा आढावा लिहिला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांकडे धाडला: यात जे सुटले असेल ते कळवा. माहिती येत गेली तसा पुढे दुसरा आढावा निघाला. आपली यादी अपुरी आहे हे कबूल करून ती पुरी करायला इतरांना हाक देणे, हे मला त्या मंडळाचे सर्वांत मोलाचे काम वाटते. समितीवरच्या बिनपगारी माणसाकडे आपण सहसा शोभेचा सभासद म्हणून पाहतो. उत्तर कोकणचा पुरावा मात्र असे सांगतो की शोध टिकतो तो अशाच माणसांनी धरलेल्या वहीमुळे.

वसईजवळच्या सोपाऱ्याचेच पाहा. एप्रिल १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली. आत विटांचा स्तूप आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती; करंडकाच्या आत चांदीची डबी, मग दगडाची, मग स्फटिकाची, आणि सर्वांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याची तेरा बारीक खापरे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ती जपली गेली असावीत, असा अर्थ भगवानलालांनी लावला. आता ही पेटी एखाद्या दिवाणखान्यात गेली असती तर सोने उरले असते आणि खापरे केरात गेली असती. ती वाचली, कारण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने सगळा ऐवज एकत्र ठेवला आणि भगवानलालांचा सविस्तर निबंध आपल्या नियतकालिकात छापला. त्याच वर्षी सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा मिळायला १९५६ साल उजाडले. जवळच्याच भुईगावला तो ना. अ. गोरे यांना सापडला, आणि गोरे त्याच सोसायटीचे ग्रंथपाल होते. दोन तुकड्यांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षे गेली. एवढा काळ एक माणूस पुरत नाही, संस्था पुरते.

यावर रास्त आक्षेप आहेत. लेणी-मंडळ संथ होते आणि १८६१ साली काम अर्धवट असतानाच ते गुंडाळले गेले. याहून गंभीर आक्षेप पैशाचा. बिनपगारी काम ज्याला परवडते त्यालाच समितीत जागा मिळते. विल्सनना मिशनचा आधार होता, कार्टरना सरकारी नोकरीचा. भगवानलालांचा आधार म्हणजे डॉ. भाऊ दाजी; १८७४ साली ते गेल्यावर या थोर लिपितज्ज्ञाला पैशाची चणचण सोसावी लागली. लायडन विद्यापीठाची मानद डॉक्टरेट मिळाली, पण मानाने चूल पेटत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तो समितीच्या कामाविरुद्ध नाही, समितीच्या कंजूषपणाविरुद्ध आहे. शिलालेखांचे ठसे घ्यायला जाणाऱ्याचे गाडीभाडे आणि नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्याचे मानधन संस्थेने दिलेच पाहिजे. नाहीतर वही चार सुखवस्तू घरांत फिरत राहते.

दुसरा आक्षेप असा की आता सरकारी खाती आहेत, प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी १९५८चा केंद्राचा आणि १९६०चा राज्याचा कायदा आहे, मग समित्यांची गरज काय? कायदा रक्षण करतो ते ज्याचे नाव राजपत्रात आले त्याचे. नाव यायच्या आधी कोणीतरी ती जागा पाहिलेली, मोजलेली आणि लिहिलेली असावी लागते. खात्यातला अधिकारी बदलून जातो, फाईल दुसऱ्या टेबलावर जाते. १९१० साली पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी उभे केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ असो, की १९६७ची इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी, अशा संस्थांच्या कार्यकारिणीत बसणारे लोक निबंध तपासतात, अधिवेशने भरवतात, अंक वेळेवर निघावा म्हणून छापखान्याच्या मागे लागतात. हे काम दिसत नाही, म्हणूनच त्याला माणसे मिळत नाहीत.

आणि म्हणूनच कामणकडे बोट दाखवावेसे वाटते. वसईचा किल्ला सर्वांना ठाऊक, सोपाऱ्याचा स्तूप अभ्यासकांना ठाऊक. पण दोन्हींच्या पूर्वेला, वसई–दिवा रेल्वेमार्गावरचे कामण आणि त्याच्या पाठीशी उभा कामणदुर्ग हे गिरिभ्रमण करणाऱ्यांपलीकडे फारसे कोणाच्या खिजगणतीत नाहीत. गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पायथ्याशी चिंचोटी–कामण–भिवंडी रस्त्याला गोदामे आणि कारखाने वाढत आहेत, आणि जेसीबीला खापर आणि खडी यांतला फरक कळत नाही. इथे लगेच उत्खनन हवे असे मी म्हणत नाही. परवानगीशिवाय कोणी कुदळ लावूही नये. हवी आहे ती विल्सन यांनी फिरवली तशी यादी: प्रत्येक टाक्याची लांबी, रुंदी, खोली, प्रत्येक कोरीव दगडाची जागा, तारीख, छायाचित्र, आणि नोंदणाऱ्याचे नाव. वसई-विरारच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी आणि पुरातत्त्वाच्या संस्थांत मानद पदावर असलेल्यांनी वर्षातले चार रविवार यासाठी काढावेत. यादीची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याला द्यावी आणि एक कामणच्या ग्रामस्थांच्या हाती ठेवावी.