मनाली–लेह मार्ग आणि दुचाकीवरील सहप्रवासाची घडण

मोटारसायकलवरून समूहाने दूरवर जाण्याची प्रथा आज भारतातील असंख्य कुटुंबांच्या आणि मित्रमंडळींच्या सुट्टीचा भाग झाली असली, तरी तिचे नियम कोणा एका संस्थेने ठरवून दिलेले नाहीत. ते रस्त्याने, यंत्राने आणि टंचाईने घडवले आहेत. हिमाचल प्रदेशातील मनालीपासून लडाखमधील लेहपर्यंतचा, पूर्वी पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास असलेला रस्ता हे या घडणीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय, कारण या प्रथेतील जवळजवळ प्रत्येक शिस्तीचे मूळ या वाटेवरील एखाद्या अडचणीत सापडते.

हा रस्ता पर्यटकांसाठी बांधलेला नव्हता. सीमाभागात रस्ते बांधण्यासाठी 1960 मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि 1962 च्या युद्धानंतर लडाखपर्यंत लष्करी रसद पोहोचवण्याची निकड वाढली. लडाख पर्यटकांसाठी 1974 मध्ये खुले झाले, तेव्हा प्रवाशांची मुख्य वाट श्रीनगर आणि झोजी ला या खिंडीवरून जात असे. मात्र 1980 च्या दशकाच्या अखेरीस मनालीकडील रस्ता नागरी वाहतुकीस खुला झाला आणि त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यात अशांतता पसरली, त्यामुळे लेहकडे जाणाऱ्यांचा ओघ या दुसऱ्या वाटेकडे वळला. रोहतांग, बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि 5,300 मीटरहून उंच असलेली तांगलांग ला या खिंडी ओलांडणारी ही वाट बर्फामुळे वर्षातील मोजकेच महिने खुली राहत असे.

या वाटेवर सुरुवातीची दोन दशके जी गाडी प्रामुख्याने दिसत असे, ती बुलेट. भारतीय लष्कराने 1950 च्या दशकाच्या आरंभी सीमेवरील कामासाठी तिची निवड केली आणि 1955 मध्ये स्थापन झालेल्या एन्फिल्ड इंडिया कंपनीने मद्रासजवळील तिरुवोट्टियूर येथे तिचे उत्पादन सुरू केले. बिडाच्या इंजिनाची ही जुनी बुलेट सुरू करणे हे एक कसब होते. किक हळूहळू दाबत अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आला, की पिस्टन वरच्या टोकाजवळ पोहोचला असे समजावयाचे, मग डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधील दाब सोडणारी छोटी दांडी, ओढून किक किंचित पुढे सरकवावयाची आणि दांडी सोडून अंगाचा सारा भार देत किक मारावयाची. यात चूक झाली, तर किक उलटून पायाला जबर मार बसत असे. उंचीवर हवा विरळ झाली, की कार्बोरेटरमधून इंजिनात पेट्रोलचे प्रमाण तुलनेने वाढत असे, प्लग काळा पडत असे आणि चढावर गाडीचा दम तुटत असे. दोनदोनशे किलोमीटरच्या टप्प्यात गॅरेज नसल्यामुळे क्लचची वायर, ट्यूब, प्लग आणि चेनचे जोड बरोबर नेणे अपरिहार्य होते, आणि हे सारे सामान एकाच गाडीवर मावत नसल्याने ते चार-पाच गाड्यांवर वाटून घेण्याची पद्धत पडली.

पेट्रोलचे गणित यापेक्षाही कठोर होते. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावरील तांदी येथे पंप होता आणि पुढील पंप 365 किलोमीटरवर असल्याचा इशारा देणारी पाटी तेथे प्रसिद्ध झाली. बुलेटच्या टाकीत साधारण 14 लिटर पेट्रोल मावते आणि सपाट रस्त्यावर ती लिटरला तीसेक किलोमीटर जाते, म्हणून कागदावर हे अंतर कसेबसे बसते. परंतु चढावर हा हिशेब कोसळतो, त्यामुळे प्रत्येक ताफ्याजवळ पेट्रोलचे कॅन असत आणि ज्याची टाकी आधी रिकामी होई, त्याला दुसऱ्याच्या कॅनमधून पेट्रोल मिळे. बर्फ वितळू लागला, की दुपारनंतर रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडावे लागत आणि पाण्यात गाडी अडकली, तर ती ओढण्यास दोन-तीन जणांचे हात लागत. सुमारे 4,300 मीटर उंचीवरील सरचू येथील तंबूंत रात्र काढताना अनेकांना विरळ हवेचा त्रास होतो. डोके जड होणे, मळमळणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे त्या माणसाला स्वतःला कळण्याआधी सोबत्याच्या लक्षात येतात, आणि या बाबतीत सोबत ही जीव वाचवणारी गोष्ट ठरते.

या अडचणींतून ताफ्याची रचना पक्की झाली. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला स्वार राहतो, त्याला लीड म्हणतात. सर्वांत मागे गाडी दुरुस्त करू शकणारा अनुभवी स्वार राहतो, त्याला स्वीप म्हणतात आणि त्याने कोणालाही मागे टाकून पुढे जावयाचे नसते. वळणाच्या किंवा फाट्याच्या ठिकाणी एकाने थांबून मागील गाड्यांना दिशा दाखवावयाची आणि ताफ्याचा वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या वेगावरून ठरवावयाचा, हे नियमही याच परंपरेतले आहेत.

कुटुंबाचा सहभाग वाढण्यास कायद्याचाही अप्रत्यक्ष हातभार लागला. मोटार वाहन अधिनियम 1988 नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकालाच बसता येते, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला दुचाकीवरून जावयाचे, तर दोन गाड्या आणि दोन चालक लागतात, आणि अशी दोन-तीन कुटुंबे एकत्र आली, की आपोआप ताफा तयार होतो. लहान मुले आणि अवजड सामान यांच्यासाठी मागून एखादी चारचाकी नेण्याची रीतही त्यामुळे रूढ झाली. पूर्वी स्त्रिया बहुतांशी मागील सीटवर दिसत असत. तथापि ही स्थिती पालटली आणि 2011 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘बायकर्नी’ या स्त्री दुचाकीस्वारांच्या संघटनेने स्त्रिया स्वतः हँडल धरून हिमालयात जाऊ शकतात, हे कृतीने दाखवून दिले. बुलेट बनवणाऱ्या रॉयल एन्फिल्डने 2000 च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘हिमालयन ओडिसी’ ही सामूहिक मोहीम सुरू केली आणि जी गोष्ट मूठभरांच्या हौसेची होती, तिला नियोजित पर्यटनाचे रूप येऊ लागले.

पुढील काळात अडचणी झपाट्याने ओसरल्या. 2008 नंतर आलेल्या नव्या इंजिनांमुळे आणि बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांमुळे किकचे कसब मागे पडले, इंधन मोजून सोडणाऱ्या प्रणालीने उंचीवरील कार्बोरेटरची डोकेदुखी कमी केली, आणि 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुल्या झालेल्या 9 किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग चढण्याची गरजच उरली नाही. परिणामी एकट्याने जाणेही बरेच सोपे झाले, आणि म्हणूनच या प्रथेपुढे खरा प्रश्न उभा राहिला आहे. पूर्वी कोणालाही मागे न सोडणे ही सक्ती होती, आज ती निवड आहे; आणि जे ताफे वेगाच्या चढाओढीसाठी ही निवड नाकारतात, ते गाड्यांचा समूह असतात, सहप्रवासी नसतात. या वाटेने जवळपास चार दशकांत घडवलेला वारसा तांगलांग लाच्या उंचीत किंवा पार केलेल्या किलोमीटरांत नसून स्वीपच्या त्या एका जबाबदारीत आहे, आणि कुटुंबातील पुढील पिढीच्या हाती हँडल देताना तीच जबाबदारी आधी शिकवली जाणे अगत्याचे आहे.