सुधाकर नेमका कधी कोसळतो?

‘एकच प्याला’ म्हणजे दारूविरुद्धचं नाटक, एवढं तुम्ही घरी ऐकलं असेल. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते.

पण सुधाकरचा प्रवास नीट बघा. सुरुवातीला तो हुशार आणि तितकाच मानी वकील आहे. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. म्हणजे व्यसनाच्या आधी दुखावलेला अभिमान आहे.

मधल्या टप्प्यात तो दारू सोडतोसुद्धा! हा भाग बरेच जण विसरतात. शुद्धीवर येऊन तो जुन्या ओळखीच्या लोकांकडे काम मागायला जातो. तिथे त्याची ओळख एकच उरलेली असते: दारुडा. तो परत प्याल्याकडे वळतो, आणि आता अपमानाचा राग निघतो तो घरातल्यांवर. तान्हं मूल जातं, सिंधूही जाते. मरतानासुद्धा ती त्याला वाचवायला खोटं बोलते. आपण काय केलं हे त्याला पुरतं कळतं, तेव्हा शेवटच्या प्याल्यात विष असतं.

सगळा दोष दारूवर टाकला, की दारं बंद करणारे सुटतात. सगळा दोष समाजावर टाकला, की सुधाकर सुटतो, आणि दळण दळून घर चालवणारी सिंधू नुसती सोशिक बायको उरते. गडकरी कुणालाच सोडत नाहीत. नाटक वाचताना तुम्हीही सोडू नका.