बार्शीहून जगाला गेलेली गोष्ट

आज आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीची गोष्ट सांगतो.

1982 साली बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावानं कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं. 1987 पासून बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांत कर्करोगाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव बसून लक्षणं समजावायचे. पुढं दिसलं, की गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येतायत. नुसत्या बोलण्याचा हा गुण! 1995 साली हे छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांपर्यंत गेलं.

मग 1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायका. गावांचे चार गट केले. एकात गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दुसऱ्यात त्या पेशींत एचपीव्ही हा विषाणू शोधला. तिसऱ्यात औषध लावून नुसत्या डोळ्यांनी तपासलं. चौथ्या गटात अशी तपासणी झाली नाही.

2009 साली निकाल जगासमोर आला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं 34 बायका गेल्या. तपासणी न झालेल्या गटात 64. दोन्ही गट तीस हजारांवरचे. तेही एकदाच तपासून! आज जागतिक आरोग्य संघटना याच तपासणीला पहिली पसंती देते. त्या 64 जणी मात्र आमच्या मनातून जात नाहीत.

संशोधक आपलं काम परिषदेत मांडतात. समोरचे प्रश्न विचारतात, चुका काढतात, तेव्हा ते ज्ञान पक्कं होतं. पण ज्यांच्या पेशींवरून ते मिळालं, त्या आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायका. त्यांनी लाज बाजूला ठेवली म्हणून जगाला कळलं. आणि आमच्या बैठकीत हा विषय निघाला, की माना खाली जातात.

मैत्रिणींनो, आपली बैठक हीच आपली परिषद. पुढच्या वेळी हप्ता गोळा करण्याआधी हा विषय काढू. तिशी ओलांडलेल्या बाईची तपासणी कुठं होते, ते आशाताईंना विचारू. आणि एकटीनं नको, चौघी मिळून जाऊ.