दारूगोळा : घरचा की विकतचा?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात घाऊक मालाचे सौदे कानांवर पडू लागले की संसारी माणसाला एक जुना प्रश्न पडतो : जिन्नस नेऊन घरी करावे, की तयार विकत आणावे? मसाल्यात गणित चुकले तर फार तर आमटी बिघडते. दारूगोळ्याच्या बाबतीत हाच प्रश्न मराठी राज्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा होता, आणि तेथे चुकीची किंमत फार जबर होती.

विकत घेण्यातली अडचण पैशांची नव्हे, विकणाऱ्याची. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी तोफ आणि गोळे आणून गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. पुढे याच इंग्रजांकडे तोफांची मागणी करावी लागली, तेव्हा ते गोड बोलून टाळाटाळच करीत राहिले.

मग घरी करावे म्हटले, तर दारूत सुमारे तीन हिस्से सोरा, उरलेल्या एका हिश्शात कोळसा आणि गंधक. खारी माती धुऊन सोरा मिळे, कोळसा तर कोठेही पाडता येई. पण गंधक आणि गोळ्यांचे शिसे बहुतांशी समुद्रावरून येणार. शिवाय दारू ओल धरते, आणि आमच्या गडांवरचा पाऊस सर्वांस ठाऊक आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावी, असे बजावले आहे. टोपीकरांचे बळ आरमारात व दारूगोळ्यात आहे, हेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. थोरल्या माधवरावांच्या काळात जुन्नर भागातील आंबेगव्हाण येथे तोफेचे गोळे तयार करण्याचा कारखाना निघाला, तो एवढा खटाटोप पत्करूनच.

हा खटाटोप फळाला आला तो महादजी शिंद्यांच्या पदरी. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉच कारागीर उत्तम तोफा ओतू लागला. तेथल्या बंदुका सुमारे १० रुपयांत पडत आणि विलायती बंदुकीला हार जात नसत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात या तोफखान्याने वेलस्लीच्या पलटणींची दाणादाण उडविली. गोलंदाज तोफांपाशीच पडले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पुन्हा उठले आणि त्यांनी तोफा पुढे गेलेल्या शत्रूच्या पाठीवर वळविल्या. पण शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अंमलदार कंपनीच्या आमंत्रणाने आधीच निघून गेले होते.

म्हणून मला वाटते, या खटाटोपाचा हिशेब दर गोळ्यामागे वाचलेल्या पैशांवर मांडू नये. गोळा घरचा झाला, हे उत्तमच झाले. पण तोफ ओतणारा सँगस्टर परका, पलटण हलविणारा पोलमन परका. त्यांची विद्या आपल्या मुलांनी उचलावी, अशी शाळा मात्र निघाली नाही. इंग्रजांनी १८६९ साली येथेच खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला, तेव्हा अधिकार आणि विद्या त्यांनी स्वतःच्या हातांत ठेवली. आज खडकीचा तो कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. तेथे गोळे किती निघतात याइतकेच, गोळ्यामागची विद्या घरची किती, हेही विचारीत राहिले पाहिजे.