प्रार्थनेची भाषा : न्हावा शेव्याच्या काठावरून

आजचा विषय आहे महाराष्ट्रातला ख्रिस्ती समाज आणि आधुनिक संस्कृती. पण सुरुवात चर्चपासून न करता बंदरापासून करतो. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदराचं उद्घाटन झालं. त्याआधी न्हावा आणि शेवा ही गावं होती. मासेमारी, मिठागरं आणि भातशेती यांवर जगणारी. जमिनीच्या मोबदल्यासाठी याच उरण-पनवेल पट्ट्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले.

तुम्ही म्हणाल, याचा चर्चशी काय संबंध? संबंध असा, की आधुनिक संस्कृती म्हटलं की आपल्याला मोबाईल आणि सिनेमा आठवतो. पण आधुनिकता म्हणजे आधी माणसांची हलवाहलव. इथली माणसं आपल्या जागेवरून उठली आणि बाहेरून हजारो माणसं इथे आली. आणि चर्चची जुनी घडी तर गावावर बेतलेली : एक धर्मग्राम, एक फादर, एकमेकांना ओळखणारी घरं. ती घडी इथे कशी टिकणार? याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागेल.

उरणला पूर्वी करंजा बेट म्हणत. ते पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि फ्रान्सिस्कन पाद्री तिथे आले होते. पुढे मराठ्यांनी बेट घेतलं, नंतर इंग्रजांनी, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ते इंग्रजांकडेच राहिलं. म्हणजे कॅथलिक धर्म या किनाऱ्यावर सत्तेच्या गलबतातून उतरला, हे झाकायचं कारण नाही. 'परक्यांचा धर्म' हा शिक्का तिथूनच बसला. बळजबरी झाली, देवळं पाडली गेली, हाही इतिहासच आहे.

पण त्याच काळात एक वेगळी गोष्टही घडत होती. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. त्याने इथली भाषा शिकून घेतली आणि ख्रिस्ताची कथा ओव्यांत रचली. एक-दोन नव्हे, सुमारे अकरा हजार ओव्या! हे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, पण रोमन लिपीत. देवनागरीत ते आपल्या हाती आलं १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीतून. मधे ३४० वर्षं गेली. मराठीतला एक मोठा ग्रंथ बहुसंख्य मराठी वाचकांना वाचताच येत नव्हता.

याच्या उलट टोकाला आहे १६८४ चा हुकूम. गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. एकाच धर्माची, एकाच किनाऱ्यावरची ही दोन तोंडं. एक लोकांची भाषा शिकतं, दुसरं ती सोडायला सांगतं. पुढचा सगळा इतिहास या दोहोंतली ओढाताण आहे असं मला वाटतं.

ब्रिटिश काळात प्रॉटेस्टंट मिशनं आली. त्यांनी शाळा आणि छापखाने काढले, १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झालं. तरी उपासना पुष्कळदा विलायती चालीवरच. ते बदललं ना. वा. टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. १९१७ मध्ये तर ते मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. याची किंमत घराने काय मोजली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. ते पुस्तक वाचलं नसेल तर वाचाच.

कॅथलिकांकडे हे दार उशिरा उघडलं. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला मान्यता दिली. लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा आली, वसईच्या आजीला पहिल्यांदा प्रार्थनेचा शब्द न् शब्द कळू लागला. त्याच वाटेवर पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो येतात. त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. चारशे वर्षांचा शिक्का एका दिवसात पुसला जात नाही.

आता परत बंदराकडे येऊ. १९२० मध्ये ग्लासगोत कॅथलिकांनी खलाशांसाठी सेवाकार्य उभं केलं, तेव्हा जहाज बंदरात कित्येक दिवस थांबायचं. कंटेनर आले आणि मुक्काम तासांवर आला. महिनोन् महिने घरापासून दूर असलेल्या खलाशाला रविवार बंदरात मिळेलच असं नाही. किनाऱ्यावर पाहा : पनवेल-उलव्याच्या बाजूला केरळचे, तमिळनाडूचे, गोव्याचे, विदर्भ-मराठवाड्याचे ख्रिस्ती शेजारी-शेजारी राहतात. यांची सामाईक प्रार्थना कोणत्या भाषेत व्हावी? टिळकांचं उत्तर सरळ होतं : मातीच्या भाषेत. इथे मात्र प्रत्येकाची माती वेगळी आहे.

आणि एक बोचरी गोष्ट. १६८४ मध्ये भाषा सोडायला हुकूम लागला होता. आज हुकमाची गरजच नाही. मराठी ख्रिस्ती घरातला मुलगा इंग्रजी शाळेत जातो आणि इंग्रजी मिस्सा त्याला सोपी वाटते. आई-बापांनी हे त्याच्या भल्यासाठीच केलंय, त्यांना दोष कसा द्यायचा? पण आजी मराठीत प्रार्थना करते आणि नातवाला ती उमजत नाही, तेव्हा दोघं एकाच बाकावर बसूनही वेगवेगळ्या चर्चमध्ये असतात.

मग काय करायचं? इतिहास तयार उत्तर देत नाही, पण एक खूण दाखवतो. स्टीफन्स असोत की टिळक, ज्यांचं काम टिकलं त्यांनी समोरच्याची भाषा आधी शिकून घेतली, मग आपलं सांगितलं. उद्या इथल्या चर्चमध्ये मल्याळी कुटुंब मराठी भजन शिकेल आणि मराठी पोरं त्यांचं एखादं गाणं शिकतील, तर त्याला मी आधुनिक चर्च म्हणेन. आणि त्या पोरांना भजन शिकवायला आजीइतकं चांगलं माणूस दुसरं कोण आहे?

थांबतो. तुमच्या घरी प्रार्थना कोणत्या भाषेत होते, ते प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.