दोन तबकड्या आणि दोन दंतकथा

वाङ्मयेतिहास शिकवताना आपण विद्यार्थ्यांना एक गोष्ट वारंवार बजावतो. जे टिकले ते श्रेष्ठ होते म्हणूनच टिकले असे गृहीत धरू नये, आणि जे लोपले ते हीन होते असेही मानू नये. हस्तलिखिताच्या किती प्रती झाल्या, त्या कोणत्या मठात वा वाड्यात राहिल्या, छापखान्याने काय उचलले आणि काय बाजूला ठेवले, यांवर ग्रंथांचे आयुष्य ठरत आले आहे. वाङ्मयाच्या बाबतीत हा विवेक आपल्या अंगवळणी पडला आहे. यंत्रांच्या इतिहासाकडे वळताच मात्र तो सुटतो आणि आपण दंतकथांवर विश्वास ठेवू लागतो.

घरी चित्रपट पाहण्याच्या साधनांविषयी अशा दोन दंतकथा रूढ आहेत. पहिली बीटामॅक्सची : उत्तम वस्तू बाजारात हरते. दुसरी ब्लू-रेची : अखेर उत्तम वस्तूच जिंकते. दोन्ही एकाच कंपनीच्या, सोनीच्या चरित्रातील प्रकरणे आहेत आणि दोहोंची तात्पर्ये परस्परविरुद्ध आहेत. एकाच घराण्याच्या बखरीत अशी दोन तात्पर्ये आढळली, तर आपण मूळ कागद मागवू. येथेही तेच करून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम जुनी कथा. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स बाजारात आणले. जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस. बीटामॅक्सचे चित्र सरस होते, पण लोकांना कळले नाही, असे सांगितले जाते. आरंभी बीटामॅक्सच्या कॅसेटवर एक तासाचे ध्वनिचित्रमुद्रण मावत असे, व्हीएचएसवर दोन तासांचे. पूर्ण चित्रपट एका कॅसेटवर बसतो की नाही, हा घरच्या प्रेक्षकाचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर व्हीएचएसने दिले. पुढे सोनीने फितीचा वेग कमी करून वेळ वाढवला, तेव्हा चित्रातील मूळचा फरकही बराचसा ओसरला. जेव्हीसीने आपले तंत्र इतर उत्पादकांना अधिक मोकळेपणाने दिले. १९८८ मध्ये सोनी स्वतःच व्हीएचएस यंत्रे बनवू लागली. ‘उत्तम’ या शब्दात लांबीचा गुण धरायचा की नाही, यावर या दंतकथेचे सारे तात्पर्य अवलंबून आहे.

या पराभवाची आठवण १९९५ मध्ये ताजी होती. त्या वेळी डीव्हीडीचे दोन प्रतिस्पर्धी आराखडे समोर होते. एक सोनी आणि फिलिप्सचा, दुसरा तोशिबा, टाइम वॉर्नर आणि मात्सुशिता यांचा. आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी एकच तबकडी हवी असा आग्रह धरला आणि तडजोड झाली. तबकडीची घडण प्रामुख्याने तोशिबाच्या गोटाची राहिली. बाजार सुखी झाला. परंतु अशा तडजोडींचा जमाखर्च दोन्ही पक्षांच्या वह्यांत वेगवेगळा मांडलेला असतो. दहा वर्षांनी तो पुन्हा उघडला गेला.

डीव्हीडी तांबड्या लेसरने वाचली जाते. त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. अमेरिकी डीव्हीडीवरील चित्र ७२० गुणिले ४८० बिंदूंचे असते. हाय-डेफिनिशन चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, म्हणजे सहापट. एका थरावरच्या ४.७ गिगाबाइटमध्ये ते मावणे कठीण होते. निळसर-जांभळ्या लेसरची ४०५ नॅनोमीटरची तरंगलांबी वापरली तर प्रकाशाचा ठिपका बारीक होतो आणि तितक्याच जागेत अधिक अक्षरे बसतात. इथपर्यंत दोन्ही गोटांचे एकमत होते. मतभेद झाला तो अक्षरे किती खोल कोरायची यावर.

तोशिबाच्या एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचीच घडण राखली : पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरवर माहितीचा थर. सोनी आणि तिच्या सहकाऱ्यांच्या ब्लू-रेने तो थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. ठिपका त्यामुळे आणखी बारीक झाला आणि एका थरावर १५ ऐवजी २५ गिगाबाइट मावू लागले. मात्र ओरखड्याचे भय वाढले. २००३ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरमधील तबकडी म्हणून एका पेटीत बंद असे. कठीण लेपाचा शोध लागल्यावर ती पेटी गेली. ब्लू-रेसाठी कारखान्यांना नवी यंत्रसामग्री घ्यावी लागणार होती. एचडी डीव्हीडी जुन्या यंत्रांवर थोडे फेरफार करून छापता येई. एकाने भविष्यातील जागेचा विचार केला, दुसऱ्याने वर्तमानातील खर्चाचा. दोन्हींमागे तर्क होता. यांपैकी कोणतीही भूमिका अडाणीपणाची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

२००५ मध्ये दोन्ही पक्षांनी एकच स्वरूप ठरवण्यासाठी वाटाघाटी केल्या. ०.१ की ०.६ यावर त्या फिसकटल्या. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात कारखाने, स्वामित्वशुल्क आणि १९९५ ची आठवण इतके सारे मावले होते.

मग प्रेक्षकाला दिसणाऱ्या चित्राचे काय? दोन्ही तबकड्यांवर चित्राचे मोजमाप एकच होते आणि माहिती दाबून बसवण्याच्या पद्धतीही त्याच. वॉर्नरने दोन्हींवर काढलेल्या अनेक चित्रपटांचे संकेतनही एकच होते. उलट आरंभीच्या काही ब्लू-रे तबकड्यांवर डीव्हीडीच्या काळची जुनी संकेतनपद्धती वापरल्याने त्या फिक्या ठरल्या. ‘द फिफ्थ एलिमेंट’ची २००६ ची ब्लू-रे आवृत्ती इतकी टीकेची धनी झाली, की सोनीला २००७ मध्ये सुधारून ती पुन्हा काढावी लागली. तेव्हा ‘सरस चित्र जिंकले’ हे विधान पुराव्याला टिकत नाही. जागा ब्लू-रेवर अधिक होती, हे खरे. पण सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांना तो फरक दिसत नव्हता.

त्याला दिसत होता तो वेगळाच फरक. एचडी डीव्हीडीचा प्लेअर ३१ मार्च २००६ रोजी जपानात आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत आला. अमेरिकेत किंमत ४९९ डॉलर. जूनमध्ये आलेला सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर सुमारे १,००० डॉलरचा होता. आणि चित्रपट? युनिव्हर्सलचे केवळ एचडी डीव्हीडीवर. डिस्ने, फॉक्स आणि सोनीचे केवळ ब्लू-रेवर. वॉर्नर आणि पॅरामाउंटचे दोन्हींवर. म्हणजे प्लेअर निवडणे म्हणजे ग्रंथालय निवडणे होते. एका प्रकाशकाची पुस्तके एका चष्म्याने वाचता येतात आणि दुसऱ्याची दुसऱ्या, असा हा प्रकार. काहींनी दोन्ही वाचणारे यंत्र आणले. एलजीचा असा प्लेअर २००७ च्या आरंभी आला. किंमत १,१९९ डॉलर. वॉर्नरने एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरे स्वरूप असलेली तबकडी जाहीर केली. ती बाजारात आलीच नाही.

पारडे फिरवण्याचे खरे काम एका खेळाच्या यंत्राने केले. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणले आणि त्यात ब्लू-रे अंगभूत ठेवला. ५९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या त्या यंत्राचा उत्पादनखर्च ८०० डॉलरहून अधिक असावा, असा बाहेरच्या विश्लेषकांचा अंदाज होता. सोनीने तोटा सोसून लक्षावधी घरांत ब्लू-रे पोहोचवला, आणि तोही खेळ विकत घेतोय असे समजणाऱ्यांच्या हाती. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह काढला. तो निराळा, १९९ डॉलरला घ्यावा लागे. जे आपोआप घरात येते आणि जे मुद्दाम आणावे लागते, यांतील अंतर येथे निर्णायक ठरले. २००७ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे तबकड्यांची विक्री सुमारे दुप्पट होती.

तोशिबाच्या गोटानेही हातपाय हलवले. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांनी ब्लू-रे सोडून केवळ एचडी डीव्हीडीचा पक्ष धरला. त्यापोटी १५ कोटी डॉलरचे प्रोत्साहन मिळाल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट मात्र या करारातून वगळले होते. आपली कृती कोणत्या तबकडीवर जावी याविषयी शब्द चालणारे दिग्दर्शक किती थोडे, हे त्यावरून कळते. बाकीच्यांच्या कृती करारासोबत निमूटपणे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेल्या. नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर काही काळ १०० डॉलरहून कमी किमतीत विकला आणि लोकांनी रांगा लावल्या. त्या रांगांतल्या लोकांना पुढचे काही महिने ठाऊक नव्हते.

४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे केवळ ब्लू-रे काढण्याचे जाहीर केले. घरगुती चित्रपटविक्रीत वॉर्नर अमेरिकेत अग्रस्थानी होती. तिच्या निर्णयाने सुमारे ७० टक्के बाजार ब्लू-रेकडे झुकला. लास व्हेगासच्या वार्षिक प्रदर्शनात होणारी एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद रद्द झाली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट यांनी एकामागून एक एचडी डीव्हीडीची साथ सोडली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली. ब्लू-रेची औपचारिक घोषणा झाली होती ती १९ फेब्रुवारी २००२ रोजी. बरोबर सहा वर्षे. वॉर्नरच्या घोषणेपासून शेवटापर्यंत अवघे ४६ दिवस.

या ४६ दिवसांत प्रेक्षकाला कोणी काही विचारले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. ते अर्धेच खरे आहे. दोन तबकड्यांपैकी एक निवडणारे थोडे होते. बहुसंख्यांनी तिसरी निवड केली होती, थांबण्याची. ग्राहक गोंधळून तळ्यात-मळ्यात करीत बसला आणि डीव्हीडीचा बाजारही मंदावू लागला, हीच वॉर्नरची चिंता होती. न घेणाऱ्यांनी आपला कौल असा दिला. त्याची किंमत मात्र घेणाऱ्यांनी चुकवली. बेस्ट बायने एचडी डीव्हीडी प्लेअर घेतलेल्यांना ५० डॉलरची भेटपत्रे दिली. वॉर्नरने २००९ मध्ये एक योजना काढली : एचडी डीव्हीडीच्या वेष्टनावरचा छापील कागद पाठवा, ४.९५ डॉलर आणि टपालखर्च भरा, त्याच चित्रपटाची ब्लू-रे घ्या. संहिता तीच, पण ती वाचण्याचा हक्क पुन्हा विकत घ्यायचा, आणि पुरावा म्हणून मुखपृष्ठ फाडून द्यायचे! ग्रंथप्रेमी वाचकांना यातील बोच वेगळी सांगायला नको.

पराभूत तबकडीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जिची नोंद विजयकथेत सहसा नसते. एचडी डीव्हीडीला प्रादेशिक संकेत नव्हते. जगात कोठेही घेतलेली तबकडी कोठेही चालावी, अशी तिची रचना. ब्लू-रेने जगाचे तीन भाग पाडले. भारत चीन आणि रशियाच्या बरोबरीने तिसऱ्या भागात. सर्वच स्टुडिओंनी हे कुलूप लावले नाही, पण ते उपलब्ध होते. शिवाय नकलांविरुद्धचा आणखी एक वाढीव बंदोबस्त ब्लू-रेत होता आणि फॉक्सला त्याचे विशेष आकर्षण होते. आमच्या विभागाने ‘साहित्य आणि चित्रपट’ या अभ्यासपत्रिकेसाठी एकदा परदेशातून डीव्हीडी मागवली होती. ती पहिल्या विभागाची आणि महाविद्यालयाचा प्लेअर पाचव्या. पडद्यावर चित्रपटाऐवजी एक सूचना आली आणि तास तिथेच संपला. म्हणून कुलपांची ही गोष्ट आम्हांस केवळ तांत्रिक वाटत नाही. कोणते स्वरूप जिंकते यावर कोणाला काय वाचता येईल हे ठरते.

विजयाचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. २००९ मध्ये तोशिबा स्वतः ब्लू-रेच्या गटात गेली. वीस वर्षांपूर्वी सोनीने जे केले तेच. पण हे युद्ध ऐन रंगात असताना, जानेवारी २००७ मध्ये, नेटफ्लिक्सने तबकडीशिवाय चित्रपट घरी पाठवायला आरंभ केला होता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण इतकी तंतोतंत क्वचितच लागू पडते. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी ब्लू-रे प्लेअर काढणे थांबवले. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये टपालाने तबकड्या पाठवणे बंद केले. २०२४ मध्ये बेस्ट बायने चित्रपटांच्या तबकड्या विकणे सोडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने मुद्रणयोग्य ब्लू-रेचे उत्पादन थांबवले. चित्रपटांच्या ब्लू-रे निघतात, पण त्या आता संग्राहकांच्या वस्तू झाल्या आहेत.

तेव्हा दोन्ही दंतकथा बाजूला ठेवाव्यात. उत्तम हरले नाही, उत्तम जिंकलेही नाही. कोणाच्या कारखान्यात कोणती यंत्रे होती, कोणाला नकलेची भीती होती, कोणाच्या हाती आधीच खेळाचे यंत्र होते, यांवर निकाल लागला आणि गुणवत्तेचे भाष्य नंतर लिहिले गेले. वाङ्मयाचा इतिहास शिकवताना ‘टिकले ते का टिकले’ या प्रश्नाबरोबर ‘कोणी टिकवले आणि कशापायी’ हा प्रश्न आपण विचारतो. यंत्रांनाही तोच विचारावा.

त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट उरते. २००७ मध्ये चुकीची तबकडी घेणारा मनुष्य हरला असे आपण म्हणतो. पण त्याचा जुना प्लेअर चालत असेल आणि तबकडी खराब झाली नसेल, तर तो आज रात्रीही आपला चित्रपट लावून बसू शकतो. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आपण, जे शहाणपणाने थांबलो आणि आता महिन्याचे शुल्क भरून चित्रपट पाहतो, त्यांच्या कपाटात काय आहे? पुढच्या वर्षी अभ्यासपत्रिकेत एखादा चित्रपट नेमताना हा प्रश्न आम्हांला विचारावा लागणार आहे, आणि मंडळाच्या बैठकीत त्याचे उत्तर द्यावे लागणार आहे.