रानात नसलेला सिंह

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा शुभंकर आहे 'लायनस' नावाचा सिंह. हे नाव रोमन लिपीत लिहिताना शेवटची तीन अक्षरं मुद्दाम मोठी काढतात आणि त्यातून विद्यापीठाचं लघुनाव उमटतं : एनयूएस. नानयांग तंत्रशास्त्र विद्यापीठाचा 'लायन', तोही सिंहच. व्यवस्थापन विद्यापीठाच्या बोधचिन्हातही सिंहच. पदवीदानाच्या दिवशी गाऊन घातलेली मुलं कापसाचा सिंह कवटाळून आईवडिलांसोबत फोटो काढून घेतात.

या बेटाच्या रानात मात्र सिंह कधीच नव्हता. होते ते वाघ. त्यातला शेवटचा १९३० मध्ये चोआ चू कांग भागात मारला गेला.

मग सिंह आला कुठून? 'सेजारा मेलायू' या मलय बखरीत त्याचं मूळ सापडतं. पालेंबांगचा राजपुत्र सांग नीला उतामा याला समुद्रापलीकडे तेमासेकची, म्हणजे आजच्या सिंगापूरची, पांढरीशुभ्र वाळू दिसली. तो निघाला, वाटेत वादळानं गाठलं. नाव बुडू लागली तेव्हा सामान पाण्यात गेलं, शेवटी डोईवरचा मुकुटही गेला आणि मग वारा पडला. किनाऱ्यावर एक जनावर समोरून झपकन निघून गेलं. अंग लाल, डोकं काळं, छाती पांढरी, बोकडाहून थोडं थोराड. हे वर्णन कुठल्याच सिंहाला लागू पडत नाही. पण सोबतच्या एकानं जुन्या गोष्टींतल्या सिंहाची आठवण काढली आणि राजपुत्रानं गावाचं नाव ठेवलं सिंगापुरा. परंपरेनं हे साल १२९९ मानतात.

सिंगापुरा म्हणजे सिंहपूर. आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या एका जुन्या राजधानीचं नावही सिंहपूरच होतं. मला वाटतं, नाव आधी या बेटावर पोचलं आणि जनावर त्याच्या मागून गोष्टीत शिरलं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना लिंगाण्याजवळचं आपलं सिंगापूर आणि तिथून कोकणात उतरणारी सिंगापूर नाळ ठाऊक आहेच. आणि न पाहिलेल्या जनावराचं म्हणाल तर, शिवनेरीच्या दरवाज्यावर शरभ हा काल्पनिक पशू कोरणाऱ्या पाथरवटानं तरी तसलं जनावर कुठे पाहिलं होतं? त्यानंही ते ऐकूनच घडवलं.

१९६४ मध्ये मत्स्यालयाचे अभिरक्षक ॲलेक फ्रेझर-ब्रूनर यांनी पर्यटन मंडळासाठी सिंहाचं डोकं माशाच्या धडावर बसवलं, तो मर्लायन. पण विद्यापीठातल्या या गुबगुबीत सिंहांचा खरा थोरला भाऊ मला दुसराच वाटतो : १९८२ मध्ये सौजन्य मोहिमेसाठी आलेला हसरा 'सिंगा'. राजचिन्हावरचा डरकाळी फोडणारा सिंह त्यानं लोकांच्या गळ्यात हात घालण्याइतका जवळ आणला.

आज लायनसशेजारी फोटोसाठी उभी राहिलेली मलय मुलगी आपल्या भाषेत त्याला 'सिंगा' म्हणते, तमिळ मुलगा 'सिंगम', आणि आपल्याकडून शिकायला गेलेली मुलगी 'सिंह'.